पानिपतचे दोन साक्षीदार

14 जानेवारी 1761. पानिपतच्या रणात सदाशिवरावभाऊंचे काय झाले? सांगणारे दोघे आपल्याकडे आहेत. नाना फडणीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. विश्वासराव पडले, धुमश्चक्री उडाली आणि भाऊ दिसेनासे झाले, एवढेच त्यांच्या आत्मवृत्तातून कळते. दुसरे काशीराज पंडित. माणूस दक्षिणी, चाकरी मात्र शुजाउद्दौल्याची, म्हणजे अब्दालीच्या बाजूची. त्यांनी 1780 साली फारसीत हकीकत लिहिली. शिर नसलेले एक धड अंगावरच्या खुणांवरून भाऊंचे ठरले, असे ते सांगतात.

यात खोटे कोण? माझ्या मते कोणीच नाही. नाना जीव घेऊन पळत होते. धुरळ्यात जेवढे दिसले तेवढेच दिसले. काशीराज लढाई संपल्यावर प्रेतांतून हिंडत होते. शिवाय लिहायला बसले ते एकोणीस वर्षांनी. इतक्या दिवसांत आठवण थोडी आपली राहते, थोडी ऐकीव होते. आमच्या घरात एकाच निकाहाच्या चार हकिकती आहेत, आणि चौघेही वऱ्हाडात होते!

पण इथली फट महाग पडली. तिच्यातूनच भाऊंचा तोतया उभा राहिला. हेच आमचे भाऊ, म्हणणारे पुष्कळ निघाले. अखेर 1776 साली त्याला देहदंड झाला. पार्वतीबाईंनी मात्र स्वतःला विधवा मानले नाही. त्या पानिपतच्या मोहिमेत बरोबर होत्या. नवऱ्याचे प्रेत त्यांनी पाहिले नव्हते.