शहरातील बिऱ्हाड आणि उपनगरातील घर

मुंबईत नोकरी लागलेल्या तरुणाने बिऱ्हाड कोठे थाटावे, हा प्रश्न आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत निघतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी शहर आणि उपनगर यांची फारकत कशी झाली, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागली. तरी चाकरमान्यांची वस्ती पुढे कित्येक वर्षे गिरगाव, भुलेश्वर अशा दाट भागांतच राहिली, कारण कामाचे ठिकाण पायी जाण्याच्या अंतरावर होते. ही दाटी किती घातक, हे १८९६ साली मांडवीत उद्भवलेल्या प्लेगने दाखविले. असंख्य लोकांनी गाव गाठले. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद रस्ते पाडले आणि दादर-माटुंग्यास मोकळी वसाहत आखली. १९२५ साली कुर्ल्यापर्यंत व १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी गेली. प्लेगच्या भीतीने माणूस शहराबाहेर पाहू लागला होता. विजेच्या गाडीने त्यास तेथे नेले.

शहराचा मोठा गुण भाड्याचा. १९४७ च्या कायद्याने भाडे १९४० सालच्या पातळीवर बांधले. भाडेकरू निर्धास्त झाला. पण तेवढ्यात डागडुजी परवडेना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली आणि जिन्यांना टेकू लागले. मात्र त्याच चाळींत आजाऱ्याच्या उशाशी शेजारी रात्रभर बसत. हा लाभ आम्ही हिशेबाबाहेर ठेवीत नाही. नळावरील भांडणेही ठेवीत नाही! असो.

उपनगरात हवा आहे, एखादी खोली अधिक मिळते. पण डोंबिवली वा विरारचा नोकरदार रोजचे तीन तास गाडीस देतो आणि मुले त्यास रविवारीच नीट भेटतात. शिवाय मोकळी जागा म्हणजे सुरक्षित जागा, ही समजूतही खरी नव्हे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडले, कुलाब्यास जेमतेम ७३. मिठी नदीचे पात्र भरावाने आवळलेले होते. पाणी कुर्ला-कलिन्यातील घरांत शिरले.

म्हणून घर पाहताना खोल्या मोजण्याआधी स्थानकाचे अंतर आणि पावसाळ्यातील पाण्याची वाट यांची चौकशी करावी, असे आमचे मत आहे. ज्यांच्याकडे गिरगावातील जुनी खोली अद्याप आहे, त्यांनी पागडी घेऊन ती घाईने सोडू नये. पण इमारतीची तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतल्यावाचून मुलासुनेस तेथे राहावयासही पाठवू नये.