स्थानकातल्या खुर्च्या



यंदा पर्युषणात येवल्याच्या स्थानकात बसले असताना भिंतीकडे लक्ष गेलं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा भिंतीलगत दोन-तीनच खुर्च्या असायच्या, त्याही ऐंशी ओलांडलेल्या आजींसाठी. आता रांग लागते आणि त्यात पन्नाशीतल्या बायकाही असतात. गेल्या वर्षीपासून मीही तिथेच बसते. 48 मिनिटांची सामायिक खाली बसून करणं मला जमेनासं झालं.

सासूबाई पंचाहत्तरीतही मांडी घालून बसत आणि हात न टेकता उठत. व्यायाम हा शब्दही त्यांच्या तोंडी नव्हता. पण तरुणपणी जात्यावरचं दळण, आडाचं पाणी, चुलीपुढची ऊठबस हे रोजचंच होतं. पुढे गिरणी आली, घरात नळ आला, उभा ओटा आला. कष्ट गेले ते बरंच झालं, त्या कष्टांनी कितीतरी जणींच्या कमरा मोडल्या होत्या. पण कष्टाबरोबर हालचालही गेली. ताट मात्र कमी झालं नाही.

हालचाल गेली की काय होतं, हे लंडनच्या बसमध्ये दिसलं. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. 1953 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: वाहकांना हृदयविकार कमी होत होता. आपल्या घरात सासूबाई वाहक होत्या आणि आपण चालक झालो.

आपल्याकडे हे त्याआधीच एका राजाने ओळखलं होतं. सातारा भागातल्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 चा. चाळिशीच्या सुमारास त्यांनी रोज सूर्यनमस्कार घालायला सुरुवात केली. पुढे संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले, मुलींनाही आणि बायकांनाही घालायला सांगितले. राणीसाहेब स्वतः घालत. 1938 मध्ये लंडनला त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. 1951 मध्ये ते गेले, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. मला त्यांचं मोठेपण यात वाटतं की त्यांनी व्यायाम फक्त पहिलवानांचा ठेवला नाही.

मुलींना लहानपणापासून का, याचं उत्तर आज डॉक्टर देतात. हाडांची ठेव साधारण तिशीपर्यंतच वाढते. पाळी गेल्यावर ती भराभर खर्ची पडते. स्नायूही वयाबरोबर उतरतात, पण ते मात्र साठीनंतरही कमावता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सरावही तीन दिवस हवा, कारण म्हातारपणी पडणं महागात जातं.

एक शंका मला दोघी-तिघींनी विचारली: आपण सूर्याला नमस्कार कसा घालायचा? मी मंत्र म्हणत नाही, नुसती हालचाल करते आणि आकडे मोजते. एवढंही नको असेल तर चाला, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा. गुडघे खरंच झिजले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपण चौविहार पाळतो, उपवास करतो, जिभेवरचा संयम आपल्याला शिकवावा लागत नाही. पण पारण्याच्या दिवशी काय खातो आणि उरलेलं वर्षभर किती हलतो, हेही पाहायला हवं. ज्या देहाने वंदना करायची, तो वाकलाच नाही तर वंदना अर्धीच राहते.

गेल्या चार महिन्यांपासून मी रोज सकाळी अर्धा तास चालते. आता निम्मी सामायिक खाली बसून होते. नातीला सोबत नेते, तिची ठेव अजून वाढायची आहे.