घटनास्थळ परीक्षण : ठसे, रक्ताचे डाग आणि शस्त्रपुरावा

गुन्हा घडलेल्या जागी सापडणारे बोटांचे ठसे, रक्ताचे डाग आणि गोळ्या-काडतुसे यांची शास्त्रीय तपासणी. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. गुन्हा गावात घडला तर दत्तापूर पोलीस ठाणे तपास करते, स्थानकाच्या हद्दीत घडला तर लोहमार्ग पोलीस. पहिले काम दोघांचेही सारखेच : बघ्यांना मागे हटवणे, पंच बोलावणे, पंचनामा लिहिणे. अमरावतीला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिच्या अहवालाला पोलीस आणि वकील अजूनही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात; रासायनिक विश्लेषक या जुन्या पदाची ती आठवण.

ठसे : बोटांवरची शंख-चक्रे मोजून नशीब सांगण्याची हौस घरोघरी असते. ठसेतज्ज्ञही याच आकृत्यांपासून सुरुवात करतो. शंखासारखे वेटोळे सर्वाधिक, साठ टक्क्यांहून जास्त बोटांवर, त्याखालोखाल चक्र, कमान मात्र विरळा, जेमतेम 5 टक्के. पण माणूस ओळखू येतो तो रेघ कुठे तुटली, कुठे दुभंगली यावरून. ठशांच्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्रीचे नाव मिळाले; ते गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता. या पद्धतीचे कार्यालय 1897 मध्ये कलकत्त्यात सुरू झाले.

स्टीलचा डबा, काच, कपाटाचे दार यांवरचा ठसा भुकटी फिरवून उठवतात, कागदावरचा निनहायड्रिनने. तो जांभळा उमटतो. वऱ्हाडातला मे महिना या कामाचा वैरी. ठशातला घाम सुकला की भुकटी धरत नाही. शिवाय निंदणी-वेचणी करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांचा ठसा डब्यावर तरी स्पष्ट कुठून येणार?

ठशांचे शास्त्र अचूक असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये जसपाल सिंग खटल्यात दिला. शास्त्र अचूक असले तरी जुळवणारा माणूस चुकतो. 2004 च्या माद्रिद बॉम्बस्फोटांत अमेरिकेच्या एफबीआयने पिशवीवरचा ठसा ओरेगॉनमधल्या एका निरपराध वकिलाचा ठरवला होता.

रक्त : लाल डाग म्हणजे रक्तच, असे इकडे धरून चालता येत नाही. पानाची पिचकारी आणि खर्ऱ्याची थुंकी भिंतींवर सर्रास असते. म्हणून आधी फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी करतात. गुलाबी रंग आला तर रक्त असण्याची शक्यता, एवढाच तिचा अर्थ. काही भाज्यांच्या रसानेही तो रंग येतो. रक्त माणसाचे का, गट कोणता, डीएनए कोणाचा, हे पुढे प्रयोगशाळा ठरवते.

थेंबाचा आकारही बोलतो. सरळ खाली पडलेला थेंब गोल, तिरका आलेला लांबट. रुंदी 4 मिलिमीटर आणि लांबी 8 भरली, तर थेंब पृष्ठभागाशी साधारण 30 अंशांचा कोन करून आला. शेपटी दिसते त्या दिशेला तो चालला होता. शहाबादी फरशीवर हे मोजता येते. शेणाने सारवलेल्या जमिनीत थेंब जिरतो आणि आकार हरवतो. रक्ताळलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तर पावसाळ्यात त्याला लगेच बुरशी धरते. नमुने प्रयोगशाळेत बिघडतात त्याहून जास्त अशा पिशव्यांत बिघडत असावेत.

शस्त्र : कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या नळीत पीळदार आटे असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. संशयित पिस्तुलातून प्रयोगशाळेत झाडलेली गोळी आणि घटनास्थळी मिळालेली गोळी तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहतात. देशी कट्ट्याची नळी बहुधा गुळगुळीत, त्यामुळे गोळी फारसे सांगत नाही. अशा वेळी रिकामी पुंगळी कामी येते. तिच्या बुडावर घोड्याच्या टोकाचा ठसा राहतो, आणि हाताने घडवलेल्या कट्ट्यात तो वेडावाकडा, म्हणूनच ओळखीचा असतो. जखमेभोवतीची काजळी आणि अर्धवट जळालेले दारूचे कण यांवरून गोळी किती जवळून झाडली याचा अंदाज बांधतात.

कायदा : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 176(3) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. ही व्यवस्था उभारायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. तोवर तज्ज्ञ पोहोचण्याआधी पुराव्याला हात लागतो तो हवालदाराचा, आणि त्याच्याही आधी शेजाऱ्यांचा.

धामणगावच्या खुनाचा खटला अमरावतीच्या सत्र न्यायालयात चालतो. तिथे बचावाचा वकील बहुतेक वेळा शास्त्राला हात घालत नाही. तो मुद्देमालाची नोंदवही मागवतो आणि पाकीट सीलबंद कधी झाले, कोणाच्या ताब्यात किती दिवस होते, प्रयोगशाळेत पोहोचले तेव्हा सील शाबूत होते का, हे विचारतो. या नोंदी जुळल्या नाहीत, तर ठसा जुळूनही आरोपी सुटू शकतो.