गाणं एडिट करताना येणारा ‘टक्’ आणि ‘कर्रर्र’ : बिघाड नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं?

बँडलॅब, गॅरेजबँड, एफएल स्टुडिओ मोबाइल यांसारख्या अ‍ॅपमुळे आज फोनवर पूर्ण गाणं तयार करता येतं. बीट लावली, आवाज रेकॉर्ड केला, नको तो भाग कापला, झालं. पण कापाकापी सुरू केली की मजेशीर प्रकार सुरू होतात. जोडाच्या जागी ‘टक्’ वाजतं, मध्येच ‘कर्रर्र’ येतं, आवाज तालाच्या मागे पडतो, नाहीतर गाणाऱ्याची पट्टीच बदललेली वाटते. मला या विषयावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “आवाज फाटतोय, रेकॉर्डिंग परत करू का?” माझं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं : थांबा, काहीही डिलीट करू नका. आधी बिघाड फाइलमध्ये आहे की फक्त तुमच्या कानापर्यंत येताना होतोय, ते बघा.

हे तपासायला एक मिनिट लागतं. तोच तुकडा तीनदा वाजवा. खरखर दरवेळी वेगळ्या जागी येत असेल, तर फाइल बहुतेक चांगली आहे आणि फोनची दमछाक होतेय. दरवेळी अगदी त्याच जागी येत असेल, तर बिघाड फाइलमध्ये किंवा तुमच्या कापण्यात आहे. शंका उरलीच तर फक्त तो एक ट्रॅक एक्सपोर्ट करा आणि फोनच्या साध्या म्युझिक प्लेअरमध्ये, वायरच्या हेडफोनवर ऐका. तिथे स्वच्छ वाजला, तर रेकॉर्डिंगला हात लावायची गरज नाही.

जागा बदलणारी खरखर

अ‍ॅप आवाज एकदम पाठवत नाही, थोडा थोडा साठवून पाठवतं. या साठ्याला बफर म्हणतात. पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी पानात एकावेळी एकच पोळी वाढत असेल, तर त्याला सतत पळावं लागतं. जरा उशीर झाला की पान रिकामं. चार पोळ्या एकदम वाढल्या तर त्याला उसंत मिळते, पण तुम्ही ‘अजून एक’ म्हटल्यापासून ती यायला वेळ लागतो. पान रिकामं पडतं तो क्षण म्हणजे आपली खरखर.

आकड्यांत सांगायचं, तर ४८,००० सॅम्पल रेटला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलीसेकंद आणि १०२४ चा म्हणजे साधारण २१ मिलीसेकंद. रेकॉर्डिंग करताना बफर लहान ठेवा, म्हणजे स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत नाही. एडिटिंग आणि मिक्सिंगच्या वेळी तो मोठा करा. फोनवरच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये ही सेटिंग नसतेच. मग बॅटरी सेव्हर बंद करा, मागे चालू असलेली अ‍ॅप बंद करा आणि फोन तापला असेल तर थंड होऊ द्या. तापलेला फोन स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो. ज्या ट्रॅकवर रिव्हर्बसारखे जड इफेक्ट आहेत, तो ‘फ्रीझ’ करा किंवा इफेक्टसकट ऑडिओमध्ये बदलून घ्या. मूळ ट्रॅक मात्र म्यूट करून ठेवायचा, उडवायचा नाही.

माझ्या मावसभावाने गावाला जाऊन आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. त्यावर बीट, पॅड असे आठ-नऊ ट्रॅक चढवले आणि प्रत्येकावर वेगळा रिव्हर्ब. वाजवलं की कर्रर्र. रेकॉर्डिंगच खराब आलं असं समजून तो ते पुसायला निघाला होता. आजी पुन्हा त्याच ओव्या त्याच सुरात म्हणेल याची काय खात्री? मी फक्त आजीचा ट्रॅक एक्सपोर्ट करायला लावला. आवाज काचेसारखा स्वच्छ. फोन बॅटरी सेव्हरवर होता, बस.

याला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. फोनची दमछाक *रेकॉर्ड होत असताना* झाली, तर आवाजाचे काही कण फाइलमध्ये कधी लिहिलेच जात नाहीत. मग तो ‘टक्’ कायमचा, आणि त्यापुढचं सगळं गाणं किंचित लवकर येतं. अशी एखाद-दुसरी जागा असेल तर दुरुस्ती होऊ शकते. कॉम्प्युटरवरच्या ऑडॅसिटीत ‘रिपेअर’ नावाचा इफेक्ट आहे. तो एकावेळी जास्तीत जास्त १२८ सॅम्पल, म्हणजे सेकंदाचा जेमतेम ३०० वा भाग, आजूबाजूच्या लहरीवरून अंदाजाने भरून काढतो. ‘टक्’ काढायला एवढं पुरतं. शब्दच गेला असेल तर ती ओळ परत गाण्याला पर्याय नाही.

त्याच जागी येणारा ‘टक्’

खरं एडिटिंग इथे आहे. डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे. हे आकडे शून्याच्या वर-खाली सलग हलतात आणि त्यांच्यामागे स्पीकरचा पडदा हलतो. तुम्ही लहरीच्या मध्यावर कापलं आणि पुढे दुसरा तुकडा चिकटवला, तर आकडा एका क्षणात ०.६ वरून -०.३ वर उडी मारतो. पडद्याला झटका बसतो. तोच ‘टक्’.

उपाय दोन. पहिला, लहर शून्याला छेदते तिथेच कापा. ऑडॅसिटीत तुकडा निवडून झेड दाबलं की निवडीच्या दोन्ही कडा जवळच्या शून्यावर सरकतात. फोनवर बोटांनी जास्तीत जास्त झूम करून हे डोळ्यांनी करावं लागतं, आणि ‘स्नॅप’ बंद करावा लागतो. स्नॅप कापण्याची रेघ तालाच्या मात्रेवर नेऊन बसवतो. तिथे लहर कुठे आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. दुसरा उपाय, जो मला जास्त भरवशाचा वाटतो, तो म्हणजे प्रत्येक कडेला ५ ते १० मिलीसेकंदांचा फेड. रीपरसारखी सॉफ्टवेअर हा फेड आपोआप लावतात, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तो अनेकदा हाताने लावावा लागतो.

मात्र एकच माप सगळीकडे चालत नाही. ५० हर्ट्झच्या बेसची एक लहरच २० मिलीसेकंदांची असते, त्यामुळे ५ मिलीसेकंदांचा फेड लावला तरी ‘धप्प’ उरतो. तिथे २० ते ३० लागतात. डग्ग्याची घुमारी कापताना हाच अनुभव येतो : वरून शांत दिसते, पण खाली मोठी लहर चालू असते. उलट ढोलकीच्या थापेवर लांब फेड-इन लावलात तर थापेचा कडकपणाच जातो. ढोलकी, हलगी, टाळ यांच्यासाठी थापेच्या किंचित *आधी*, शांत जागेत कापा.

दोन टेक जोडताना क्रॉसफेड वापरा. बरीच अ‍ॅप दोन प्रकार देतात, लिनिअर आणि इक्वल पॉवर. जोडाच्या मध्ये आवाज खचल्यासारखा वाटला तर इक्वल पॉवर घ्या. उलट फुगल्यासारखा वाटला, तर लिनिअर. एकाच लांब सुराचे दोन सारखे तुकडे जोडताना सहसा लिनिअर बरा बसतो.

गाणारा श्वास घेतो तिथे किंवा ‘स’, ‘श’ अशा अक्षरात केलेला जोड सहज लपतो. ‘आ’काराच्या मध्यावरचा जोड जवळपास कधीच लपत नाही. आणि तानपुरा अ‍ॅप स्पीकरवर लावून गायलं असेल, तर माइकमध्ये तोही शिरलेला असतो. मग गळ्याचा जोड कितीही सफाईने करा, मागचा तानपुरा उडी मारतोच. तानपुरा हेडफोनमध्ये ठेवा. रिव्हर्बचंही तसंच आहे, आधी कोरा आवाज कापून जोडा, रिव्हर्ब नंतर.

आवाज मागे पडतो, पट्टी बदलते

आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे आहे का? मग संशयित ब्लूटूथ हेडफोन. त्यात संगीत बऱ्याचदा १००-२०० मिलीसेकंद उशिरा ऐकू येतं, गाणारा त्या उशिरावर गातो. शिवाय ब्लूटूथचा माइक चालू झाला की अनेकदा आवाज फोन कॉलच्या दर्जावर घसरतो. वायरचा हेडफोन घ्या. झालेलं रेकॉर्डिंग वाचवायचं असेल, तर पूर्ण ट्रॅक तेवढा पुढे ओढा. परत गाण्याची गरज नाही. पुढच्या वेळी सुरुवातीला एक टाळी रेकॉर्ड करा, मग किती सरकवायचं हे डोळ्यांना दिसतं.

गाणं पुढे जाईल तसं अंतर वाढत असेल, तर भानगड सॅम्पल रेटची असू शकते. फोनच्या व्हिडिओचा आवाज सहसा ४८,००० वर असतो, तर सीडीचं माप ४४,१००. पहिली फाइल दुसऱ्या मापाने वाजली, तर ४ मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंदांचं होतं आणि सूर सुमारे दीड सेमीटोन उतरतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी एक आणि त्याखालची पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी जातं, जिथे पेटीवर पट्टीच नाही. कान बरोबर सांगत असतात, ‘हे कुठल्याच पट्टीत नाही.’ प्रोजेक्टचा सॅम्पल रेट आणि फाइलचा सॅम्पल रेट तपासा आणि फाइल नीट रूपांतरित करून आणा. पिच-शिफ्टने ओढूनताणून बसवत बसू नका.

लूप दर फेरीला अडखळत असेल तर ती एमपी३ आहे का बघा. एमपी३ आवाज ११५२ सॅम्पलच्या ठोकळ्यांत बांधतो आणि सुरुवातीला-शेवटी थोडी रिकामी जागा सोडतो. काही अ‍ॅप ती ओळखून वगळतात, काही नाही. लूप नेहमी वेव्ह फाइलमध्येच ठेवा. मित्राकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज मागवताना व्हॉइस नोट नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फाइल जशीच्या तशी येते.

गळा अचानक डब्यातून आल्यासारखा पोकळ झाला, तर बहुधा त्याच क्लिपची एक प्रत नकळत खाली सुटली आहे. दोन प्रती तंतोतंत एकावर एक असतील तर आवाज ६ डेसिबलने वाढतो. त्यांच्यात १ मिलीसेकंदाचाच फरक असला, तरी ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ अशा ठिकाणचा आवाज गळून पडतो. इक्वलायझर फिरवू नका, जास्तीची क्लिप शोधा.

चुकून जास्त कापलं गेलं, तर घाबरू नका. अशा बहुतेक अ‍ॅपमध्ये कापलेला भाग फक्त झाकला जातो. क्लिपची कड बोटाने मागे ओढली की तो परत येतो. पण त्यासाठी मूळ रेकॉर्डिंग फोनमध्ये असावं लागतं. अनेक अ‍ॅप ते स्वतःच्या खाजगी जागेत ठेवतात, आणि अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं की तेही जातं. ‘फोन क्लीनर’ वगैरे तर अशा फोनवर ठेवूच नका. कोरे ट्रॅक वेव्हमध्ये एक्सपोर्ट करून ड्राइव्हवर टाका, आणि एक्सपोर्ट करताना शेवटची रेघ दोन-तीन सेकंद पुढे न्या, नाहीतर रिव्हर्बची शेपटी कापली जाऊन गाण्याच्या अगदी शेवटी पुन्हा तोच ‘टक्’ ऐकू येईल.