ढोल आणि लेखणी

गुलामांनी आपला इतिहास फारसा लिहून ठेवला नाही. पण धन्यांनी केलेले कायदे आपण उलट बाजूने वाचले, तर तो पुष्कळसा उलगडतो. ९ सप्टेंबर १७३९ रोजी, रविवारी, अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना वसाहतीत स्टोनो नदीजवळ वीसएक गुलामांनी दुकान फोडून शस्त्रे घेतली आणि ढोल वाजवीत ते फ्लॉरिडाच्या वाटेला लागले. पळून येणारांस तेथे स्पॅनिश राजाने अभय दिले होते. ढोल ऐकून वाटेत आणखी गुलाम येऊन मिळाले. बंड मोडले गेले. पण १७४० च्या कायद्याने गुलामांस ढोल व शिंग वाजविण्याची मनाई झाली आणि त्यांना लिहावयास शिकविणे हाही गुन्हा ठरला. म्हणजे धन्यांच्या लेखी ढोल आणि लेखणी सारखीच भयंकर!

ढोल गेला, तरी गाणे राहिले. दास्यातून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५५ साली लिहिले, की गाण्यातील कनान, म्हणजे बायबलातील वचनभूमी, ही गुलामांच्या मनात उत्तरेकडील मुक्त मुलूख होती. धन्याला भक्ती ऐकू येई, दासाला वाट!

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या सत्पुरुषांस अर्पण केला. त्या सत्पुरुषांत आपण या ढोल वाजविणारांचीही गणना केली पाहिजे.