मालमोटारीची मूळ प्रत



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने मालमोटारीचा विषय घ्यावा, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहण्यात माझे बरेच आयुष्य गेले. मूळचा पाठ कोणता आणि लेखनिकाने मागाहून घातलेला कोणता, हे ठरवण्याची जी रीत आम्ही शिकलो, तीच जुना ट्रक पुन्हा चालता करताना लागते, असे माझे मत झाले आहे. शिवाय नरोलीचा इतिहास हा पुष्कळसा रस्त्याचा इतिहास आहे. म्हणून हा विषय येथेच मांडणे मला उचित वाटले.

२८ जुलै १९५४ रोजी नरोली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली. आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्या कार्यकर्त्यांनी दिवस पावसाळ्याचे निवडले होते; नद्यांना पूर असल्यामुळे सिल्वासाहून कुमक येणे अवघड होते. २ ऑगस्टला सिल्वासाही मुक्त झाले. पुढे डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. त्या दाव्याचा विषय होता वाट! दमणहून भारतीय प्रदेश ओलांडून या मुलखात येण्याचा हक्क पोर्तुगाल मागत होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने भेद केला तो असा: खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांपुरता तो हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो नव्हता, आणि १९५४ साली भारताने वाट अडवली, तीही आपल्या नियंत्रणाच्या अधिकारातच अडवली. आपल्या या छोट्या मुलखात माल कोणत्या वाटेने यावा, हा प्रश्न एके काळी जगाच्या न्यायासनापुढे गेला होता, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

त्याच १९५४ साली देशाच्या दुसऱ्या टोकाला, जमशेदपूर येथे, टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून पहिला ट्रक बाहेर काढला. त्याआधी आपल्या रस्त्यांवर धावत होत्या त्या पुष्कळशा महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या 'डिस्पोजल'च्या गाड्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर कंपनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज व फार्गो जातीचे ट्रक जुळवू लागली होती. मद्रासच्या अशोक मोटर्सची १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. टेल्कोची धुरा वाहणारे सुमंत मुळगावकर हे मराठी अभियंते. त्यांच्याच कारकिर्दीत १९६६ मध्ये पुण्याचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे पिपरियाची औद्योगिक वसाहत १९६५ ची. यंत्रे, कच्चा माल आणि तयार माल यांची ने-आण या मुलखात वाढत गेली ती याच पिढीच्या ट्रकांच्या काळात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मोटारगाडी कारखान्यातून पूर्ण होऊन येते. आपला ट्रक मात्र बहुधा तसा येत नसे. कारखाना देई तो सांगाडा: दोन लांब पोलादी तुळया, एंजिन, चाके, आणि पुढचे नाक. अशी उघडी गाडी घेऊन ड्रायव्हर गावी येई. मग सुतार लाकडाची केबिन उभी करी, लोहार पट्ट्या ठोकी, हौद्याला फळ्या आणि मागे फाळका बसे, आणि शेवटी पेंटर येऊन देवाचे नाव, मालकाचे नाव आणि 'हॉर्न ओके प्लीज' लिहून जाई. म्हणजे एका ग्रंथाचे जसे अनेक कर्ते असावेत, तसे एका ट्रकचे चार-पाच कर्ते असत, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच पंचक्रोशीतले. त्यांची नावे मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत.

असा ट्रक वीस-तीस वर्षे चालला म्हणजे त्यावर थरांवर थर चढतात. ते वाचता येतात. नाकावर बेन्झचा तारा असेल, तर ती जाळी करार संपण्यापूर्वीची, म्हणजे १९६९ च्या आधीची. नंतरच्या गाड्यांवर टाटांचे 'टी' अक्षर आले. कपाळपट्टीवर 'नॅशनल परमिट' असेल, तर तो रंग १९७५ नंतरचा, कारण ती योजनाच त्या साली आली. रंग हलक्या हाताने खरवडला तर खाली जुन्या मालकाचे नाव निघते. आमच्या भाषेत हा प्रक्षेप. पण प्रक्षेप म्हणजे कचरा, असे मी कधी मानले नाही. तो वाचकांच्या पिढ्यांचा पुरावा असतो.

म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की कोणत्या काळचा ट्रक आपण उभा करणार? सगळा रंग उडवून कारखान्याच्या चित्रासारखी चकचकीत गाडी करणे सोपे आहे. पण तशी गाडी आपल्या रस्त्यावर कधी धावलीच नसेल. माझे मत असे, की अखेरचा प्रामाणिक थर जपावा. जे कुजले ते बदलावे, आणि बदललेल्या फळीच्या आतल्या अंगास साल कोरून ठेवावे. संपादक आपला शब्द कंसात घालतो, तशीच ही शिस्त आहे.

जपलेली गाडी चालवलीही पाहिजे. उभ्या गाडीचे टायर चिरतात, रबरी सील सुकतात, डिझेल खराब होते. पण याहून मोठी हानी निराळी आहे. त्या काळचे टाटा-बेन्झचे सहा सिलिंडरचे एंजिन सुरू करण्यापूर्वी हीटर तापू द्यावे लागत. जुन्या गिअरपेटीत दोनदा क्लच दाबून, एंजिनाचा आवाज ऐकत गिअर टाकावा लागे. स्टिअरिंगला तेलाच्या दाबाची मदत नसे. म्हणून चाक थोडे फिरते ठेवूनच वळवावे, हे हातांना ठाऊक असे. कसाऱ्याचा घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम ड्रायव्हर किन्नराला तोंडी शिकवी. ही विद्या ग्रंथात नाही, हातापायांत आहे. आणि ती ज्यांच्याजवळ आहे ती माणसे आता माझ्याच वयाची झाली आहेत.

कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी आणली. हे स्वागतार्ह होते. परंतु त्या नियमाची भाषा दुचाकी आणि चारचाकीची आहे. सहा टायरांचा मालवाहू ट्रक तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असावा असे दिसत नाही. शिवाय वाहन मूळ स्वरूपात हवे, सांगाडा, बॉडी वा एंजिन यांत मोठा फेरफार नको, अशी त्यात अट आहे. जिची बॉडी मुळातच गावच्या सुताराने बांधली, तिचे मूळ स्वरूप कोणते? दुसरीकडे जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जोरात आहे. धूर आणि अपघात यांचा विचार करता ते गैर आहे असे मी म्हणणार नाही. पण शंभर जुन्या प्रती रद्दीत घालताना एक तरी ग्रंथालयात ठेवावी, एवढेच मागणे आहे.

इंग्लंडात जुन्या मालवाहू गाड्या जपणाऱ्यांची संस्था १९५८ मध्ये निघाली, आणि १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी त्यांची फेरी भरते. ज्या लेलँड गावाचे नाव आपल्या ट्रकांवर झळकले, तेथे अशा गाड्यांचे संग्रहालय आहे. आपल्याकडे १९६४ पासून दिल्लीत 'स्टेट्समन'ची फेरी भरू लागली; पण आपल्या अशा फेऱ्यांत मान मिळतो तो मुख्यतः राजेरजवाड्यांच्या मोटारींना. राजाची गाडी जपली जाते आणि धान्य, लाकूड, सिमेंट वाहणारी भंगारात जाते. इतिहासलेखनात आपण हीच चूक पूर्वी केली; ती पुन्हा करू नये.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. ट्रक जपणे प्रत्येकाला परवडणार नाही. पण नरोली ते भिलाड रस्त्यालगत एखादी जुनी गाडी तोडली जाण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, मापे टिपावीत, सुताराचे आणि पेंटरचे नाव विचारून लिहावे, आणि तिच्या वृद्ध ड्रायव्हरला शाळेत बोलावून, तो गुजराती बोलो, वारली बोलो वा मराठी, त्याचे बोलणे त्याच्याच बोलीत उतरून घ्यावे. शाळेच्या ग्रंथालयात त्यासाठी एक वही उघडावी. पहिले पान लिहायला फार उशीर करू नये.