पट, हजेरी आणि मुदत

शाळेच्या दप्तरात दोन आकडे रोज शेजारी शेजारी लिहिले जातात. एक पटाचा, दुसरा हजेरीचा. पटावर नाव असलेले मूल सरकारच्या लेखी शाळेत असते. हजेरीत असलेले मूल खरोखर वर्गात बसलेले असते. या दोन आकड्यांमधले अंतर ज्याला कळले, त्याला आपल्या देशातील बालहक्कांचा निम्मा इतिहास कळला, असे मी तीस वर्षांच्या नोकरीनंतर म्हणू शकतो. उरलेला निम्मा इतिहास 'मुदत' या एका शब्दात आहे. शासनाने मुलांना वेळोवेळी जी वचने दिली, त्यांचे काय झाले याचा हिशेब या लेखात मांडायचा आहे आणि त्यासाठी वाचकांना मी आपल्या सीमाभागापासून बऱ्याच दूर, ग्वाल्हेरच्या गोरखीत नेणार आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाडा नावाचा चौक आहे. दौलतराव शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे आपली छावणी वसवली, म्हणून या वस्तीला लष्कर हे नाव पडले. चौकाला लागूनच शिंद्यांचा जुना वाडा, तोच गोरखी. पुढे १८७४ साली जयविलास राजवाडा उभा राहिला, तरी घराण्याचे देवघर गोरखीतच राहिले आणि दसऱ्याच्या पूजेला मंडळी अजून तिथे येतात. याच गोरखीतल्या सरकारी शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. त्यांचे वडील कृष्णबिहारी हे स्वतः शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी आतेबहिणीकडच्या लग्नासाठी ग्वाल्हेरला गेलो असता मी वेळ काढून गोरखी पाहून आलो. वाजपेयींचे नाव असलेले जुने रजिस्टर शाळेने जपून ठेवले आहे. देशाचा पंतप्रधानसुद्धा आधी कुठल्या तरी पटावरचे एक नाव असतो, हा विचार हेडमास्तरच्या मनात आल्यावाचून कसा राहील?

योगायोग असा की वाजपेयींचा जन्म २५ डिसेंबर १९२४ चा आणि त्याआधी तीनच महिने, २६ सप्टेंबर १९२४ रोजी, जिनिव्हात राष्ट्रसंघाने बालकांच्या हक्कांचा पहिला जाहीरनामा स्वीकारला होता. पुढे हेच वाजपेयी पंतप्रधान असताना, २००२ साली, शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून घटनेत लिहिला गेला. एका वाक्यात सांगायला ही गोष्ट फार गोड वाटते. पण या दोन टोकांच्या मध्ये जे घडले ते इतके गोड नाही.

शिवाय ही मागणी जिनिव्हाहून आलेली नव्हती. आपल्याच मातीत ती पुष्कळ आधी झाली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे स्पष्ट मागितले आणि शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते याकडेही बोट दाखवले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदे संस्थानात लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. ते फार बेताचे होते. स्थानिक संस्थांनी ठरवले तरच सक्ती, तीही प्रारंभी सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. आणि आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. जे साम्राज्याला परवडत नव्हते ते दोन संस्थानांना परवडले, याचा अर्थ प्रश्न केवळ पैशाचा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर तरी काय झाले? घटनेच्या मसुद्यात प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क असल्याचे शब्द होते. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीने ते शब्द काढले आणि जागी राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच ठेवले. डॉ. आंबेडकरांनी त्या चर्चेत एक मोलाचा मुद्दा सांगितला होता. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात राबवायचे नाही असे घटना म्हणते, तेव्हा त्या वयापर्यंत ते मूल शाळेत असले पाहिजे. शिक्षण आणि बालमजुरी ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. अनुच्छेद ४५ मध्ये यासाठी दहा वर्षांची मुदत घातली गेली. मार्गदर्शक तत्त्वांत मुदत असलेले हे एकमेव तत्त्व. ती मुदत २६ जानेवारी १९६० रोजी संपली. कोणालाही जाब द्यावा लागला नाही, कारण मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १९९३ साली, उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. त्याआधी थोडेच दिवस, ११ डिसेंबर १९९२ रोजी, भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली होती. २००२ ची घटनादुरुस्ती झाली, पण तिची अंमलबजावणी सुरू झाली ती शिक्षणहक्क कायद्याबरोबर, १ एप्रिल २०१० रोजी. म्हणजे १९६० ची मुदत आपण पन्नास वर्षांनी गाठली. १९६० साली सहा वर्षांचे असलेले मूल तोवर छप्पन्न वर्षांचे झाले होते. मुलांच्या बाबतीत उशीर म्हणजे नकारच असतो. रस्ता दहा वर्षांनी झाला तरी त्याच माणसांना वापरता येतो. शाळा दहा वर्षांनी मिळाली तर ती दुसऱ्याच मुलांना मिळते.

आता प्रगतिपुस्तक भरायचे तर न्यायाने भरले पाहिजे. १९५१ साली देशाची साक्षरता सुमारे १८ टक्के होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ७३ टक्के झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले दुपारचे जेवण देशभर मिळू लागले. पाच ते चौदा वर्षांची काम करणारी मुले २००१ च्या जनगणनेत १ कोटी २६ लाख होती, २०११ मध्ये १ कोटी १ लाख. हे गुण द्यावेच लागतील. परंतु दहा वर्षांत पंचवीस लाखच कमी होत असतील तर उरलेल्या कोटीभर मुलांनी किती दिवाळ्या वाट पाहायची? शिक्षणहक्क कायद्यातही मुदती होत्या. शाळांच्या भौतिक सोयींची मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली, तरी सर्व शाळा निकषांत बसल्या नव्हत्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मुदत २०१५ ची होती, ती कायदा बदलून २०१९ पर्यंत वाढवली. आणि सहा वर्षांखालचे व चौदा वर्षांवरचे मूल या मूलभूत हक्काच्या बाहेरच राहिले.

पट आणि हजेरी यांचे अंतर तर सरकारनेच एकदा उघड केले. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रात पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून मोजणी केली आणि पटावरची लाखो नावे वर्गात सापडलीच नाहीत. काही नावे खोटी होती. पण काही मुले खरी होती आणि वर्गात नव्हती, हे अधिक दुःखाचे. बीडकडून ऊसतोडणीला येणाऱ्या टोळ्या आपल्याकडच्या वाचकांना नव्या नाहीत. त्या टोळीतल्या मुलाचे नाव गावच्या पटावर असते आणि मूल कोयत्यामागे फडात असते. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, तरी गावची शाळा ते फड या वाटेवर मूल निसटतेच. दिल्लीहून जिनिव्हाला जाणाऱ्या अहवालात ते पटावरच मोजले जाते.

मग वचन पाळले गेले असे कुठेच नाही का? आहे, आणि तेही गोरखीच्याच राज्यात. १ जानेवारी १९९७ पासून मध्य प्रदेशात शिक्षण गॅरंटी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि वस्तीत चाळीस मुले (आदिवासी भागात पंचवीस) असतील, तर पालकांनी मागणी करायची आणि सरकारने नव्वद दिवसांत शिक्षक द्यायचा. हजारो वस्त्यांवर अशा शाळा उभ्या राहिल्या. त्यांतले गुरुजी अल्प मानधनावर आणि तोकड्या प्रशिक्षणावर राबले, हा त्या योजनेचा मोठा दोष. पण शाळा वस्तीपर्यंत पोहोचली. कारण संख्या ठरलेली, दिवस ठरलेले आणि उत्तर कोणी द्यायचे तेही ठरलेले.

आता या चाळीस आकड्याची दुसरी कथा पाहा; ती थेट आपली आहे. १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवले होते की शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले एखाद्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच दिवशी ग्वाल्हेर मध्य भारतातून मध्य प्रदेशात गेले. त्याच वर्षी घटनेत अनुच्छेद ३५० अ आला. अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयींसाठी राज्याने प्रयत्न करावा, असा त्याचा आशय. पुन्हा 'प्रयत्न'! मुदत नाही, नव्वद दिवस नाहीत. २००९ च्या कायद्यातही मातृभाषेचे माध्यम 'शक्य तोवर'च आहे. इकडे चाळीस मुले असतात, अर्ज असतात आणि शिक्षकाची जागा रिकामी असते.

एक गोष्ट मात्र आपणही मान्य केली पाहिजे. २०१४ साली कर्नाटकाच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माध्यम निवडण्याचा अधिकार सरकारचा नसून पालकांचा आहे असे सांगितले. त्या अधिकाराचा वापर आपण कसा करतो? ग्वाल्हेरला माझ्या आतेबहिणीची नातवंडे आजीशी मराठीत बोलतात, पण आजीने लिहिलेली चिठ्ठी त्यांना वाचता येत नाही. बाराखडी घरी शिकवायची राहून गेली, असे ती म्हणाली. तिथे शासनाने भाषा हिरावली नाही. ती वापराअभावी गेली. आपल्याकडे शासनाशी भांडणारे पालकही मुलाचे नाव इंग्रजी शाळेत घालतात तेव्हा मराठी शाळेचा पट कोण राखणार?

म्हणून सरकारच्या प्रगतीचे मूल्यमापन आयोगांवर सोडून चालणार नाही. कायद्याने शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. त्या समितीत बसणाऱ्या माझ्या वाचक भगिनींना आणि बंधूंना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या बैठकीत खडूफळ्याची चर्चा झाल्यावर चार प्रश्न विचारा. पट किती? आज हजेरी किती? जे मूल आले नाही ते कुठे आहे? आणि रिकामी जागा कोणत्या तारखेपर्यंत, कोण भरणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, तारखेसह. तारीख लिहिलेले वचन विसरणे अवघड जाते.